गिलसाहेबाला शेवटचा रामराम

वाघूरकाठ | १० एप्रिल, रात्री १०.५२

आज भुसावळला जाऊन आलो. गाडी बदलायला नाही की केळीचा भाव बघायला नाही. मेजर रॉबर्ट गिलच्या कबरीवर गेलो होतो. आज त्याची पुण्यतिथी.

ज्यांना हा बाबा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करायला कंपनी सरकारने १८४४ साली त्याची नेमणूक केली. साहेब अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला, आणि पारो नावाच्या इथल्याच मुलीवर त्याचा जीव जडला. २३ मे १८५६ ला पारो गेली. त्याने गावात तिची कबर बांधली आणि दगडावर इंग्रजीत कोरून घेतलं, 'माझ्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ'. चित्रांचं काम पुढे १८६३ पर्यंत चाललं. भिंतीएवढाले कॅनव्हास लंडनला गेले, क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या महालात टांगले गेले आणि ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. पारोही नाही, चित्रंही नाहीत. १८७९ मध्ये साहेबही वारला, कबर भुसावळला.

कॉलेजात असताना, १९९८ साली, मी गिलवर एकांकिका लिहिली होती. गिल मीच झालो होतो. अंगात बँडवाल्याचा लाल कोट, त्याच्या पाठीवर 'जय मल्हार ब्रास' शिवलेलं, म्हणून अख्ख्या प्रयोगात मी प्रेक्षकांना पाठ दाखवली नाही. शेवटी गिल पारोच्या कबरीवर डोकं ठेवून प्राण सोडतो, पडदा, टाळ्या. पुढे कधीतरी डोक्यात हिशोब आला की पारोनंतर हा माणूस तेवीस वर्षं जगला होता. तेवीस वर्षं म्हणजे एकांकिका लिहिली तेव्हाच्या माझ्या वयापेक्षाही जास्त.

तरीही मी त्याला सोडलं नाही. गेलेल्या प्रेमाच्या मागे गेलेला, त्यात संपलेला माणूस म्हणून तो मला जवळचा वाटायचा. आता पन्नाशी दिसायला लागलीय. हल्ली त्याचा राग येतो, आणि राग येतो याचं वाईट वाटतं. म्हणून निरोप घ्यायला गेलो. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघूर नदीचं पाणी बाटलीतून नेलं होतं, ते कबरीवर ओतलं. दगड इतका तापला होता की पाणी पसरायच्या आधीच वाळलं. कडुलिंबाची वाळकी पानं होती, एक सरडा होता. त्याने मान दोनदा वरखाली केली आणि गेला.

प्रश्न असा: हा माणूस नक्की कशाने संपला?

केळीचा घड | १० एप्रिल, रात्री ११.०५

आमच्या भुसावळात सगळी दुनिया गाडी बदलायला उतरते. कायमचा उतरलेला हा एकच साहेब.

चहाबाज | १० एप्रिल, रात्री ११.११

मी पयला!
(बघितलं, दुसरा आहे. असो.) धागा मस्त. पण एक शंका. एप्रिलात वाघूरला पाणी?

निळू फुगा | १० एप्रिल, रात्री ११.२०

आणि पारो कोण झाली होती, ते सोयीस्करपणे गाळलंय. बाकीचं चालू द्या.

मंदाकिनी_७२ | ११ एप्रिल, सकाळी ६.४८

लेख चांगला आहे, पण नेहमीचीच गफलत आहे. या साहेबाला बायको होती. मुलं होती. त्यांचं नाव घ्यायलासुद्धा तुमच्या एका परिच्छेदात जागा झाली नाही. 'इथल्याच मुलीवर जीव जडला' की पुढचं सगळं माफ! गोऱ्याच्या जागी आमच्या गल्लीतला तलाठी असता तर त्याच गोष्टीला आपण 'लफडं' म्हटलं असतं, आणि बायको माहेरी जाऊन बसली म्हणून हळहळलो असतो.

आणि पारो? ती कोण, काय बोलायची, तिला हा लांब मिशांचा माणूस आवडला होता की नाकारायची सोयच नव्हती? तो सरकारचा माणूस, बंदूकवाला, वाघ मारणारा. आपल्याला तिचं ठाऊक आहे ते दगडावरच्या एका ओळीएवढं, आणि ती ओळही त्याची.

केळीचा घड | ११ एप्रिल, सकाळी ७.१५

मंदाकिनीताई, +१. फक्त लांब मिशा कुठून काढल्या?

मंदाकिनी_७२ | ११ एप्रिल, सकाळी ७.२२

माझ्या डोळ्यांपुढे तो तसाच येतो. तुम्हाला बिनमिशांचा हवा असेल तर तसा घ्या.

अजिंठेकर | ११ एप्रिल, सकाळी ८.०३

मी गावातलाच. शाळेत असताना मास्तर आम्हाला रांगेने पारोच्या कबरीवर न्यायचे. तिथे गेलं की पोरी गप्प आणि पोरं खी खी. आमच्याकडे ती लेणापूरची होती असं सांगतात. जात तेवढी प्रत्येक जण वेगळी सांगतो, आणि बहुतेक वेळा सांगणाऱ्याची जी असते तीच तिची असते.

मंदाकिनीताईंचं पटतं. पण दुसरी बाजूही ठेवतो. साल बघा, १८५६. पुढच्याच वर्षी बंड झालं. त्या काळात फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्याने गावातल्या बाईचं नाव चारचौघांत दगडावर घालावं आणि 'माझी लाडकी' म्हणावं, ही साधी गोष्ट नव्हती. असे संबंध पुष्कळांचे होते. बायकांची नावं किती जणांनी लावली? आमच्या गावात असईच्या लढाईतल्या जखमींसाठी इंग्रजांनी १८०३ मध्ये किल्ल्यात दवाखाना उघडला होता. त्या जखमी शिपायांची नावं कोणाला माहीत आहेत? पारोचं नाव मात्र शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

जेजेवाला | ११ एप्रिल, दुपारी १२.४०

तुम्ही सगळे पारोमध्येच अडकलात. मी विद्यार्थी असताना लेण्यांत बसून स्केचेस केली आहेत, म्हणून बोलतो.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर अर्धा तास बसा. आत काळोख. बाहेर ऊन पांढरं फटक. दाराशी पांढरं कापड धरून उजेड आत फेकायचा, सूर्य सरकला की कापडवाल्याने सरकायचं. डोळ्यांना तो चेहरा दिसायला लागतो तोवर उजेड गेलेला असतो. वटवाघळांचा वास कपड्यांतून दोन धुण्यांनी जात नाही. असं या माणसाने जवळपास दोन दशकं केलं. पारो असताना केलं, पारो गेल्यावरही सात वर्षं केलं. मला विचाराल तर त्याचं खरं प्रेम ती भिंत होती. आणि ते प्रेम हरवलं १८६६ ला, १८५६ ला नाही.

पुढचं ऐका. १८७२ पासून मुंबईच्या आमच्या जेजे कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा करायला लागले. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. १८८५ पर्यंत काम चाललं. त्या नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ मध्येच तिथे आग लागून शंभरावर जळाल्या. नंतर १९१७-१८ मध्ये जपानचा चित्रकार आराई काम्पो येऊन नकला करून गेला, त्या १९२३ च्या भूकंपात टोकियोत गेल्या.

निळू फुगा | ११ एप्रिल, दुपारी १२.५५

पारोचा शाप!!! माझ्या यूट्यूब चॅनेलसाठी विषय मिळाला. थंबनेलवर रडणारी पारो आणि मागे ज्वाळा.

जेजेवाला | ११ एप्रिल, दुपारी १.०२

शाप कसला डोंबलाचा. तेलात भिजलेलं कापड लाकडी चौकटीवर ताणून टांगलं की ते जळतं. इंग्लंडच्या चित्रकार लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस आणि मंडळी १९०९-११ मध्ये आली, त्यांच्या नकला छापून झाल्या. त्यांना नाही लागला तो शाप?

शाप असेल तर भिंतींना लागला. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर वार्निश फासलं. ग्रिफिथ्सच्या काळात ते नक्की झालं, आणि सुरुवात गिलपासून असं बऱ्याच ठिकाणी म्हटलं जातं. वार्निश पिवळं पडलं, तडकलं आणि सुटताना खालचा रंग घेऊन सुटलं. पुढे निजामाने इटलीहून दोन माणसं आणवली, त्यांनी १९२०-२२ मध्ये पोपडे चिकटवून बसवले आणि वरून शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, चढवलं. तेही काळवंडलं. ज्याच्यावर जीव टाकायचा त्यालाच वार्निश लावायचं, अशी सगळी गंमत.

मंदाकिनी_७२ | ११ एप्रिल, दुपारी १.३०

माहिती उत्तम. पण 'खरं प्रेम ती भिंत होती' हे वाचून हसू आलं. घरात जिवंत माणसं असताना भिंतीवर, क्रिकेटवर नाहीतर पक्षावर प्रेम करायला पुरुषांना मोकळीक फार. बाईने भिंतीवर दोन दशकं काढली तर लोक तिला डॉक्टरकडे नेतात.

चहाबाज | ११ एप्रिल, दुपारी १.३६

पळा पळा.

थेम्सकाठचा पाटील | ११ एप्रिल, संध्याकाळी ५.१०

मी लंडनमधल्या सिडनहॅमपासून दहा मिनिटांवर राहतो. क्रिस्टल पॅलेसच्या जागी आता बाग आहे. मुलगा लहान होता तेव्हा दर रविवारी तिथले डायनासोर बघायला जायचो. १८५४ चे सिमेंटचे पुतळे आहेत, शास्त्रीयदृष्ट्या बरेचसे चुकलेले, पण देखणे. वर ओळीने दगडी पायऱ्या, त्यांवर स्फिंक्स, आणि पायऱ्या चढून वर गेलं की काहीच नाही. गवत. राहिलेला महाल १९३६ मध्ये जळाला.

१८६६ च्या आगीत उत्तरेकडचा भाग गेला, तो पुन्हा बांधलाच नाही. पुढची सत्तर वर्षं महाल एका बाजूने लंगडाच उभा होता. जुन्या फोटोंत दिसतं. गिलची चित्रं तिथे होती हे कळल्यावर मी एकदा त्या टोकाला जाऊन उभा राहिलो. कुत्री फिरवणारी माणसं होती, एका म्हातारीने 'काही हरवलंय का' म्हणून विचारलं. तिला काय सांगणार?

लोणारकर | ११ एप्रिल, रात्री ८.२५

माझ्या माहितीतला गिल तुमच्या एकाही गिलशी जुळत नाही.

आमच्या दैत्यसूदन मंदिराचे जुने फोटो बघितलेत? त्यांतले गिलने काढलेले आहेत. १८६० च्या दशकात, साठी ओलांडलेला हा माणूस कॅमेरा घेऊन वऱ्हाडभर हिंडत होता. लोणार, गाविलगड. तेव्हाचं फोटो काढणं म्हणजे काय ते ऐका. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट औषध ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे अंधारी खोली, तंबूच म्हणा, बरोबर न्यायची. काचा, बाटल्या, पाणी सगळं बैलगाडीवर. वैशाखात आमच्याकडे औषध वाळायला किती वेळ लागत असेल ते वाघूरकाठांनी कालच कबरीवर करून बघितलंय.

१८६४ मध्ये वास्तुकलेचा इतिहासकार फर्ग्युसन याच्याबरोबर त्याची दोन पुस्तकंही निघाली. शंभर जोडफोटो असलेलं एक, दोन भिंगांच्या यंत्रातून बघायचं. त्यात आपली देवळंही आहेत आणि मारलेली जनावरंही.

हा माणूस पारोच्या विरहात खंगला? बारादरीत बसून हुक्का ओढत रडला? मला तरी तो कामाचा पक्का वाटतो. तो संपलेला आपल्याला हवा आहे, कारण न संपलेल्या माणसावर एकांकिका होत नाही.

वाघूरकाठ | ११ एप्रिल, रात्री ९.१४

लोणारकर, दंडवत. गाविलगड मला नवीन आहे. चिखलदऱ्याला तीनदा गेलोय, एकदाही गिल आठवला नाही.

सुधाआत्या | ११ एप्रिल, रात्री १०.४०

मला इतिहासातलं फार कळत नाही. रात्रीचा धागा वाचत बसले आणि आमचा दादा आठवला, म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

दादाचं सांगलीत कापडाचं दुकान, भागीत. तरुणपणी शेजारच्या मुलीवर मन होतं, तिला बेळगावला दिली. दादाचंही लग्न झालं. वहिनी साधी, कामाची. सत्तेचाळिसाव्या वर्षी दादाच्या कानावर आलं की ती विधवा झाली. चार महिन्यांत दुकानातला हिस्सा विकला आणि बेळगावात तिच्या समोरच्या गल्लीत भाड्याने खोली घेतली. घरी सांगितलं, तिकडे एजन्सी घेतोय. तिने बोलावलं नव्हतं. एका अक्षराने नाही. दादा मात्र रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसायचा.

ती वाईट नव्हती हो. दर दिवाळीला मुलाच्या हातून फराळाचा डबा पाठवायची, 'मामांना देऊन ये' म्हणून. पोरगं ओरडतच यायचं, मामा, आईने दिलंय!

गेल्या वर्षी दादा गेला. खोली रिकामी करायला मी आणि वहिनी गेलो. कपाटात अकरा डबे, घासून पुसून, एकात एक बसवलेले. त्या माऊलीने एकदाही परत मागितले नाहीत. प्रत्येक डब्यावर तिच्या नवऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं. वहिनी खाली बसली, अकराही डबे वाचले. मग म्हणाली, 'वन्सं, स्टील चांगलं आहे.'

सांगलीला आल्यावर बोहारणीला दिले. एक मोठी परात आली.

अजिंठेकर | ११ एप्रिल, रात्री ११.०१

काय लिहू? आत्या, नमस्कार.

मंदाकिनी_७२ | ११ एप्रिल, रात्री ११.०९

आणि वहिनींना माझा. परात वापरात आहे का?

सुधाआत्या | १२ एप्रिल, सकाळी ६.१५

रोजची कणीक तीत मळतात. दादावर माझा अजून राग आहे. पण त्याला आंबट वरण आवडायचं, ते केलं की पातेलं चुलीवर ठेवून मी जरा बाहेर जाऊन येते.

निळू फुगा | १२ एप्रिल, सकाळी ९.३०

काल मी शापाचा विनोद केला तो मागे. वाघूरकाठ, पारो कोण होती ते सांगायचं नसेल तर राहू द्या.

चहाबाज | १२ एप्रिल, सकाळी ९.३३

छे, ते सांगाच. आणि पाण्याचंही सांगा.

केळीचा घड | १२ एप्रिल, सकाळी १०.२०

अवांतर: गिलच्या कबरीला याल तर सकाळी आठच्या आत या भो. एप्रिल-मेमध्ये भुसावळात दुपारी फिरलं की माणूस साहेबाच्या शेजारीच राहील. आलात तर भरीत-भाकरी आमच्याकडे. भरिताची वांगी हिवाळ्यातली खरी, पण तुमच्यासाठी चालवून घेऊ.

लोणारकर | १२ एप्रिल, सकाळी १०.४५

भरीत बामणोदच्या वांग्याचं असेल तर गिलला विसरायला मी तयार आहे.

(पुढची चाळीस उत्तरं आता वांग्यावर येणार हे माहीत आहे. त्याआधी मूळ प्रश्नावर माझं मत: संपला असेलच तर वयाने. पंचाहत्तरीला आला होता. त्या काळात, त्या उन्हात, पंचाहत्तर!)

वाघूरकाठ | १२ एप्रिल, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. सुधाआत्यांचा प्रतिसाद वाचून काल झोप लागली नाही. खुर्ची टाकून बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझी खुर्ची जळगावच्या बसस्टँडवर होती, १९९९ ते २००३. दर शुक्रवारी नाशिकहून येणारी संध्याकाळची गाडी. तिनेही बोलावलं नव्हतं. त्या नादात दोन नोकऱ्या गेल्या आणि वडिलांच्या आजारपणात मी जिथे असायला हवं होतं तिथे नव्हतो. ते काही एकांकिकेत येत नाही.

तर हो, पारो तीच झाली होती. आता नाशिकला शिक्षिका आहे. परवा कबरीचा फोटो तिला पाठवला, किती वर्षांनी पाठवतोय कोण जाणे. लिहिलं की गिलला निरोप देऊन आलो. मला वाटलं काहीतरी हळवं उत्तर येईल. तासाभराने आलं, जसंच्या तसं देतो:

'बरं केलंस. त्या एकांकिकेत मला चारच वाक्यं होती, त्यांतली दोन "जी साहेब" होती. तिसरं "पाणी आणू?" आणि चौथ्यात मी मेले. तुझी मात्र सहा पानं होती. कोटावरचं जय मल्हार पहिल्या रांगेला दिसलं होतं, कोणी तुला सांगितलं नाही.'

मंदाकिनीताई, तुम्ही आणि ती ओळखीच्या आहात का?

वहीतली संहिता काढून बघितली. चारच आहेत. मधे एका ठिकाणी मी कंसात लिहिलंय, 'पारो हसते'. का हसते ते लिहिलेलं नाही.

आणि चहाबाज, पाणी वाघूरचं नव्हतं. लेण्यांखाली नदी ठणठणीत कोरडी होती, नुसते दगड. फर्दापूरच्या हॉटेलवाल्याच्या पिंपातून भरून घेतलं. त्याने बाटलीचे दहा रुपयेही घेतले.

चहाबाज | १२ एप्रिल, रात्री ९.५८

म्हटलं नव्हतं?

मंदाकिनी_७२ | १२ एप्रिल, रात्री १०.१२

ओळखीची नाही, पण तिला इथे बोलवा. पाचवं वाक्य तिला लिहू द्या.

अजिंठेकर | १३ एप्रिल, सकाळी ७.३०

वाघूरकाठ, साहेबाकडे झालं, आता पावसाळ्यात इकडे या. दोन्ही कबरींत सत्तरेक किलोमीटरचं अंतर आहे. जुलैत वाघूरला पाणी येतं, बाटली घरूनच आणा.